पिकल्यावर दिसणारा मार

केळीला लागलेला मार लगेच दिसत नाही. हिरव्या सालीवर दाबाची खूण आली तरी सुरुवातीला ती इतकी पुसट असते, की केळी धुण्याच्या टाकीवरच्या सराईत बाईच्या नजरेतूनही सुटते. माल बॉक्समध्ये जातो, कंटेनर न्हावाशेव्याला सुटतो, जहाज आखाताला लागतं, तिथल्या रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिवळी होते आणि मग तो डाग काळाभोर उठून दिसतो. ज्याने तो घड कापला, तो तोवर आमच्या रावेर तालुक्यातले आणखी कितीतरी मळे कापून पुढे गेलेला असतो. आपल्या हातून त्या दिवशी काय झालं, हे त्याला कधीच कळत नाही.

मी सावद्याकडच्या एका पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघते. शिकले संख्याशास्त्र. माहेरी केळी, सासरी केळी, त्यामुळे घड, फणी, चीक, दांडा हे शब्द मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण माझं खरं काम केळी तपासण्याचं आहे असं मला वाटत नाही. काम केलेल्या हातापर्यंत त्या कामाची खबर वेळेत पोचवणं, हे माझं काम. आज लिहायचंय ते त्याबद्दल.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून मानांकनाची केळी दुबईला गेली. निर्यातीच्या मालाला साल स्वच्छ लागते. देशी बाजारात जाणारा घड गाडीत रचून निघाला तरी खपतो, निर्यातीत तसं चालत नाही. घड झाडावर असतानाच त्यावर स्कर्टिंग बॅग, म्हणजे साल जपणारी पिशवी, चढवायची, कापताना खाली पडू द्यायचा नाही, खांद्यावर फोमची गादी ठेवून बांधापर्यंत न्यायचा, ट्रॉलीत फोम अंथरून ठेवायचा. मग पॅकहाऊसला फण्या सुटतात, टाकीत धुतल्या जातात, चीक निथळतो, तुरटीच्या पाण्यातून निघून वजन होतं आणि बॉक्स भरतो. साठवण तेरा-चौदा अंशांवर. त्याखाली पारा गेला तर साल राखाडी पडते, आणि तेही पुन्हा पिकल्यावरच कळतं. या साखळीत मार लागायच्या जागा पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जागी हात वेगळा.

मी याआधी जिथे होते तिथे खबर यायची ती खरेदीदाराच्या व्हॉट्सअॅपवरून. दहा-बारा फोटो आणि खाली डागी मालाच्या टक्क्याचा आकडा. तो टक्का मालकाला, मालकाकडून मुकादमाला, मुकादमाकडून टोळीला, असा उतरत जायचा आणि प्रत्येक पायरीवर आवाज चढायचा. शेवटच्या माणसापर्यंत पोचताना त्यात माहिती काहीच उरायची नाही, नुसता राग उरायचा. फोटोतला घड कुठल्या मळ्यातला, कुठल्या खेपेतला, कोणत्या टप्प्यावर दबला, याचं उत्तर कोणाकडेच नसायचं. चुकीची आठवण असो वा नसो, ज्याला बोलणी बसली तो मान खाली घालून उभा राहायचा.

तरी मुकादम लोकांना ठाम वाटतं की बोलण्याने फरक पडतो. आमच्या मुकादमभाऊंनीही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मॅडम, बोललं का दोन दिवस नीट चालतं. मंग पुन्हा तेच. कौतुक केलं तर उलट बिघडतं, हे मी वीस वर्षं पाहून राह्यलो." भाऊ खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते तसंच घडतं. फक्त त्याचं कारण वेगळं आहे.

डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञाने, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हाच अनुभव इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांकडून ऐकला होता. ते शिकवत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो, तेव्हा एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, की माझा अनुभव याच्या उलट आहे. छान कसरत केली म्हणून कौतुक केलेला कॅडेट पुढच्या वेळी हमखास घसरतो आणि वाईट केली म्हणून ओरडलेला हमखास सुधारतो. कानेमान यांच्या लक्षात आलं, की इथे ओरडण्याचा वा कौतुकाचा काही संबंधच नाही. फार वाईट दिवसानंतर बहुतेक वेळा बरा दिवस येतो आणि फार चांगल्यानंतर साधारण दिवस, कारण टोकाचा दिवस घडायला बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं. आमच्याकडे सांगायचं तर मळा लांबचा, बॅग फाटलेल्या, मे महिन्याचं ऊन आणि टोळीत दोन नवी पोरं, हे सगळं एका दिवशी आलं की माल खराब निघतो. दुसऱ्या दिवशी यातलं निम्मं नसतं. तुम्ही शिव्या द्या किंवा गप्प बसा, माल सुधारणारच. पण शिवी दिली असेल तर श्रेय तिला जातं, आणि मुकादम आयुष्यभर त्याच रस्त्याने चालतो.

हे मला फार लागतं. कारण या हिशोबाच्या घोळापायी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोलणी खात आली आहेत, शेतात, गिरणीत, शाळेतसुद्धा.

म्हणून मी आधी आलेख काढला. वॉल्टर शुहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत मांडलेली पद्धत, कॉलेजात सगळ्यांनी परीक्षेपुरती पाठ केलेली. प्रत्येक खेपेतल्या ठरावीक फण्यांपैकी किती डागी निघाल्या तो बिंदू, मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली मर्यादेच्या दोन रेघा. या दोन रेघांच्या आत बिंदू कितीही नाचला तरी ते रोजचंच हेलकावणं समजायचं आणि कोणालाही काही विचारायचं नाही. रेघेबाहेर गेला तर मात्र त्याच दिवशी मळ्यात जाऊन बघायचं. भाऊंच्या डायरीत त्यांनी टोळीला कधी झापलं याच्या खुणा होत्या, त्या मी त्यांच्यासमोरच आलेखावर लाल पेनाने टाकल्या. जवळजवळ सगळ्या खुणा रेघांच्या आतल्या बिंदूंवर पडल्या. भाऊ बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "अन हे बाहेर गेलेलं काय आहे?"

तो प्रश्न मला हवा होता. त्याचं उत्तर पुढे येईलच.

आता मोजायचं काय. डागांचा टक्का हा निकाल झाला. निकाल सांगून माणसाचा हात बदलत नाही, कारण निकालात हात कुठेच दिसत नाही. म्हणून मी डोळ्यांनी दिसणाऱ्या कृती धरल्या, ज्यांच्यापुढे हो किंवा नाही एवढंच लिहिता येईल. दांडा तोडायच्या आधी घेणाऱ्याचा खांदा घडाखाली होता का. खांद्यावर गादी होती का. ट्रॉलीत दोन घडांच्या मध्ये फोम सरकवला का. घडावर घड चढवला का. पॅकहाऊसला फणी काढताना हात फणीच्या बुंध्याशी होता की बोटांवर. पाण्यात फणी सोडली की टाकली. "काळजीपूर्वक काम करतो" असा रकाना माझ्या कागदावर नाही. काळजी मला दिसत नाही, खांदा दिसतो.

कागद मीच भरायचा असं ठेवलं नाही, टोळीतला एक जण भरतो, रोज वेगळा. याचं कारण एक जुना किस्सा आहे. एमरी एअर फ्रेट नावाच्या अमेरिकन मालवाहतूक कंपनीत एडवर्ड फीनी नावाचे अधिकारी होते. छोटी पार्सलं एकत्र मोठ्या कंटेनरमध्ये घातली की भाडं वाचायचं. गोदामातल्या लोकांना विचारलं, तर ती म्हणायची की आम्ही जवळजवळ ९० टक्के वेळा कंटेनर वापरतो. मोजलं तर निघालं ४५ टक्के. फीनींनी कोणालाही दम दिला नाही, प्रत्येकाच्या हातात टिपणाचा कागद दिला, की प्रत्येक वेळी तुम्हीच खूण करा. आकडा ९५ टक्क्यांवर गेला. १९७३ मध्ये ही हकीकत छापून आली. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ती माणसं खोटं बोलत नव्हती. आपण हे करतो असं त्यांना मनापासून वाटत होतं. आमच्या टोळीलाही वाटायचं, की फोम तर आम्ही टाकतोच.

स्वतःच भरलेल्या कागदावर विश्वास कसा ठेवायचा, हे मालकांनी, म्हणजे आबांनी लगेच विचारलं. त्यावरचा उपाय मी संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांकडून घेतला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बंगालात तागाच्या लागवडीची पाहणी सुरू केली, तेव्हा एकाच भागात दोन वेगवेगळी पथकं वेगवेगळे नमुने घेऊन पाठवली जायची. दोघांच्या आकड्यांत मोठा फरक आला तर समजायचं, की गडबड शेतात नाही, मोजण्यात आहे. मीही अधूनमधून टोळीच्या माणसाबरोबर त्याच घडांचा वेगळा कागद भरते आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवतो. सुरुवातीला "घडावर घड" या एकाच रकान्यात आमचं पटत नव्हतं. तिरपा टेकवलेला घड मी मोजत होते, तो मोजत नव्हता. बसून ठरवलं, की खालच्या घडाच्या फणीवर वरच्याचं वजन येत असेल तर मोजायचा. त्यानंतर जुळायला लागलं. यात कोणी लबाडी केली नव्हती.

पण हा सगळा कागदच. हातापर्यंत खबर पोचली ती वेगळ्याच मार्गाने, आणि ते मला सविस्तर सांगायचंय.

आमच्याकडे एक छोटी चेंबर रिकामी पडून होती. आबांकडून ती मागून घेतली. प्रत्येक खेपेतली एक फणी, दांड्याच्या तुकड्यासकट, टॅग बांधून तिथे ठेवायची. टॅगवर मळा, खेप आणि ट्रॉलीचा नंबर, माणसाचं नाव नाही. केळी पिकवणारा इथिलीन वायू आणि सोळा-अठरा अंश तापमान, चार-पाच दिवसांत फणी पिवळी होते. म्हणजे दुबईत जे दिसायचं ते सावद्यात दिसतं, तेही टोळी अजून त्याच शिवारात असताना.

पहिल्यांदा त्या फण्या बाहेर काढल्या तेव्हा सकाळची गाडी लागायची होती आणि टोळी चहा पीत होती. मी पत्र्याच्या टेबलावर पांढरं कापड टाकून फण्या ओळीने मांडल्या. मी काही बोलले नाही, बोलायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. एकेक जण येऊन वाकून बघायला लागला. दबलेला डाग कसा दिसतो तर अंगठ्याएवढा, मऊ, कडेने तपकिरी आणि मध्ये काळपट, आणि साल सोललीत तर आतला गर पाणी सुटल्यासारखा. घासलेल्या डागाची रेघ असते, लांब, कोरडी, आत काही नाही. एका पोराने दोन्हींवरून बोट फिरवलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हे ट्रॉलीतलं आहे. हे खांद्यावरचं." आजवर कोणी त्याला हे शिकवलं नव्हतं, आणि कोणी शिकवायची वाटही त्याने पाहिली नाही. मग एक वयस्क कापणारे पुढे आले, खूप वर्षं केळी कापणारे. टॅग वाचून घेतला, फणी उलटी केली, दांड्याजवळचा डाग बघितला. म्हणाले, "हा मळा मले याद आहे. तिथं पाट ओला होता, मी घसरलो होतो." एवढंच. पुढच्या वेळी त्या मळ्यात जायच्या आधी त्यांनी आपणहून पाटावर झावळ्या टाकून घेतल्या.

मी त्यांना "काळजी घ्या" म्हटलं असतं, तर ते "हो मॅडम" म्हणाले असते.

आता भाऊंचा प्रश्न. रेघेबाहेर गेलेले बिंदू. टॅग सुरू झाल्यावर ते सगळे एकाच ट्रॉलीच्या खेपांवर येऊन बसले. डाग दबलेले, घासलेले नव्हेत, म्हणजे कापणाऱ्यांचा दोष नव्हताच. मी एकदा त्या ट्रॉलीमागे स्कूटी घेऊन गेले. मळ्यातून पॅकहाऊसला यायला दोन वाटा आहेत, एक डांबरी आणि लांबची, दुसरी पाटाच्या कडेने, उखडलेली पण जवळची. ट्रॅक्टरवाला जवळच्या वाटेने येत होता आणि घड दोन थर रचून आणत होता. त्याला खेपेवर पैसे मिळत होते. जास्त खेपा म्हणजे जास्त पैसे, मोठी खेप म्हणजे डिझेलची बचत. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं. आणि त्याच्या खेपांसाठी बोलणी मात्र कापणाऱ्या टोळीने खाल्ली होती.

थॉमस गिल्बर्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ मध्ये एक मांडणी केली. काम का बिघडतं हे शोधताना आधी भोवतालच्या तीन गोष्टी तपासाव्यात: माहिती, साधनं आणि मोबदला. माणसाच्या आतल्या तीन, म्हणजे ज्ञान, क्षमता आणि इच्छा, त्या नंतर. भोवतालचं बदलणं स्वस्त पडतं आणि बहुतेक वेळा बिघाड तिथेच असतो. आपल्याकडे उलटं चालतं. आधी "याला कामाची इच्छाच नाही" म्हणायचं, मग प्रशिक्षण ठेवायचं आणि खेपेचा दर तसाच ठेवायचा. आबांशी मी बराच वाद घातला. निर्यातीच्या दिवशी ट्रॅक्टर रोजावर घ्यायचा, खेपेवर नाही, एवढीच माझी मागणी होती. आधी ते खर्चाचं बोलले. मग मी त्या ट्रॉलीच्या पिकलेल्या फण्या त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. ट्रॅक्टर रोजावर झाला, एकच थर, डांबरी वाट. तिथून पुढे त्या ट्रॉलीचे बिंदू इतरांसारखेच रेघांच्या आत यायला लागले.

आबांची एक कल्पना मात्र मी होऊ दिली नाही. त्यांना भिंतीवर पहिला, दुसरा, तिसरा असे फोटो लावायचे होते, आठवड्याचा उत्तम कामगार. हेतू चांगला होता. पण अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या जुन्या प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला, ६०७ परिणाम आणि २३ हजारांहून जास्त निरीक्षणं. सरासरीत फीडबॅकने काम सुधारलं, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते बिघडलं. बिघडण्याचं जे कारण त्यांनी दिलं ते मला पॅकहाऊसमध्ये रोज दिसतं. सांगणं कामाकडून सरकून माणसाकडे गेलं, की ऐकणाऱ्याचं लक्षही कामावरून उडतं. तो स्वतःला वाचवायला लागतो. भिंतीवरचा फोटो म्हणजे नेमकं तेच, ज्याचा लागला त्याच्यासाठी आणि ज्याचा नाही त्याच्यासाठीही. आणि नंबर लावायचा तरी कशावर? रेघांच्या आतल्या हेलकाव्यावर? म्हणजे एका आठवड्याचा पहिला पुढच्या आठवड्यात शेवटचा, आणि त्यात त्याचा हात काहीच नाही.

टक्क्यावर बक्षीस लावण्यालाही माझा विरोध आहे. नाकारलेला माल कमी दाखवला की पैसे, असं ठरवलं तर सॉर्टिंगवरच्या बायका डागाकडे बघणं सोडतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. ज्या आकड्यावर पोट अवलंबून असतं तो आकडा खरा राहत नाही. आमच्याकडे कृतींचा कागद फक्त बोलण्यासाठी आहे, पगाराशी त्याचा संबंध नाही. हे मी आबांकडून सुरुवातीलाच कबूल करून घेतलं होतं. तसं नसतं तर तो वयस्क माणूस "मी घसरलो होतो" असं सगळ्यांसमोर म्हणालाच नसता.

भाऊ आता झापत नाहीत असं नाही. सवय आहे. पण टेबलावर फण्या मांडायच्या दिवशी ते आता माझ्याआधी येतात आणि कापड तेच अंथरतात. मध्यंतरी एका खेपेत सगळ्या कृती बरोबर निघाल्या, तेव्हा त्यांनी टोळीला काय बरोबर झालं ते एकेक करून सांगितलं, खांदा, गादी, फोम. नुसतं "शाब्बास" म्हणून सोडून दिलं नाही. कौतुकाने बिघडतं म्हणणारा माणूस हे करतोय, हे मला फार मोठं वाटतं.

सध्या टाकीवरच्या मावशींनी माझ्यामागे लकडा लावलाय. "ताई, पोरांचंच पिकवून दाखवता. आमच्या टाकीचं बी पिकवा ना." त्यांचं दुखणं वेगळं आहे. नखाची खूण, सुरीचा काप, चिकाचा डाग. अडचण अशी, की पाण्यात फण्या मिसळतात आणि कुठली कोणत्या टाकीतून आली हे सांगता येत नाही. आता एका ट्रॉलीचा माल एकाच टाकीत घ्यायचा आणि दांड्याला रंगीत रबर लावायचं असं ठरलंय, दर टाकीला वेगळा रंग. नमुन्याची फणी कोणी उचलायची यावर दोन दिवस वाद चालला. मावशींचं म्हणणं, की ताईंनी उचलू नये, त्यांची नजर आधी डागावरच जाते. बरोबर आहे त्यांचं. तेव्हा क्रेटच्या नंबरांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आहेत. चिठ्ठी टाकीवरचीच एक जण काढते, त्या क्रेटमधली वरची फणी दुसऱ्या टाकीवरची उचलते, आणि मी फक्त टॅग बांधते.